लोअरिंगनंतर बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचा, धक्का अडवणारा रबर/फोमचा तुकडा) कापू का? मदत हवी आहे

भावांनो, जुन्या स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंगा टाकल्या, गाडी 35 एमएम खाली आली, दिसायला नाद खुळा पण रंकाळ्याकडनं फुलेवाडीला जाताना जरा खड्डा आला की पुढनं धाडकन आवाज, आई तर आता बसायलाच तयार नाही. गाडी जमिनीवर ठेवूनच चाक वळवून, डस्ट कव्हर सरकवून बघितलं, तर बंप स्टॉप आणि शॉकअपच्या बॉडीत जेमतेम बोटभर जागा ऱ्हायलीय. उद्यमनगरातला मिस्त्री म्हणतोय काढूनच टाक, पण मग शॉकअप आतनं आपटून मरंल की! कापायचा तर किती, आणि निमुळतं टोक ठेवून जाड बाजूनंच कापायचा ना? का आखूड पीयू (पॉलियुरेथेन) फोमवाला मिळतोय कुठं? कुणी केलंय का?