वळिवड्याच्या छावणीत शाळा कशाला काढली? सातवीच्या मुलीला काय सांगू?

करवीरच्या बाई: नमस्कार. मी इतिहास शिकवते. परवा सातवीचा वर्ग कोल्हापूरच्या महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभाशी नेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं, सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली, असं सांगितलं. बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंत त्यांच्या शाळाही होत्या म्हटल्यावर एकीने विचारलं, "बाई, तिथं कायम राहायचंच नव्हतं, मग शाळा कशाला?" उद्या सांगते म्हणाले, त्याला चार दिवस झाले. वरवरचं उत्तर तिला द्यायचं नाही.

गांधीनगरवाला: बाई, पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत आम्ही सिंधी निर्वासित आलो. आजी सांगायची, छावणीत दिवस सरता सरत नाही. रेशनच्या रांगेत मोठी माणसं अडकली की पोरं कुठं भटकतात कुणाला पत्ता नसे. शाळा लागली तेव्हा दुपारपर्यंत तरी तिचा जीव थाऱ्यावर असायचा.

सुनीता_प: आजींचं अगदी खरं आहे. मी बांगलादेशात कॉक्स बाझारला, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या छावणीत दोन वर्षं काम केलं. बांबूची एक खोली, खाली चटई, वर ताडपत्री. तिथे माझं सगळ्यात मोलाचं काम हजेरी घेणं हे होतं. मूल तीन दिवस दिसलं नाही की आम्ही झोपडीत जायचो. कधी ताप असायचा. कधी तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरलेलं असायचं, कधी मलेशियाला नेतो म्हणणारा दलाल येऊन गेलेला असायचा. वेळेत कळलं तर काही करता येतं. मोठ्या मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई ठेवली, तेव्हा घरच्यांनी काहींना परत पाठवलं.

आता परत जाण्याचं. वळिवड्याला पोलिश शिक्षिका पोलिश भाषेतूनच शिकवत, म्हणजे मूल कुठेही गेलं तरी त्याची इयत्ता त्याच्याबरोबर जाणार. रोहिंग्या मुलांना हे फार उशिरा मिळालं. २०१७ च्या ऑगस्टपासून लाखो लोक आले, पण म्यानमारचा अभ्यासक्रम सुरू व्हायला २०२१ संपत आलं, तोही आधी १०,००० मुलांपुरता. मधल्या चार वर्षांत आठ वर्षांचं पोर बारा वर्षांचं झालं. याचा मला आजही राग येतो. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, परत जायचं असतं म्हणूनच शाळा लागते.

जामनगरजवळच्या बालाचडीचंही सांगा. तिथली अनाथ पोलिश मुलं नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी सांभाळली, आणि १९४६ ला ती छावणी बंद झाल्यावर बरीच मुलं वळिवड्यालाच आली. एकट्या मुलाचा पालक कोण, हे आधी ठरावं लागतं.

करवीरच्या बाई: दोघांचेही आभार. हजेरीचं वाचून थांबले. आमच्या शाळेमागे ऊसतोडीच्या खोपी पडल्यात, बीडकडची माणसं आहेत. ती निर्वासित नाहीत, पण पोरं दिवसभर फडातच असतात. त्यांची नावं मी अजून विचारलेली नाहीत. उद्या शाळा सुटल्यावर वही घेऊन जाते. सुनीताताई, पहिल्या दिवशी आईबापांशी काय बोलायचं?

सुनीता_प: शाळेचं लगेच काढू नका. धाकटं मूल कुणाजवळ असतं ते विचारा. बहुतेक मोठी बहीण सांभाळत असेल. धाकट्यालाही घेऊन ये म्हणा, तरच ती येईल.