सोसायटीत रोज थोडा वेळ टीव्ही-मोबाईल बंद, कुणाकडे जमलंय का?

कल्याणची_ताई:
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी कल्याणला, बहुतेक सगळे लोकलने मुंबईला जाऊन येणारे. घरी आलं की दार लावायचं, टीव्ही लावायचा, मोबाईल हातात, की झोपायची वेळ होतेच. समोरच्या विंगमधल्या काकांची बायपास झाली ते आम्हाला कितीतरी दिवसांनी वॉचमनकडून कळलं, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावबद्दल बऱ्याच जणांनी वाचलं असेल, संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि ८:३० पर्यंत गावभर टीव्ही मोबाईल बंद. शहरात, बिल्डिंगमध्ये असं कुणी करून बघितलंय का? नुसतं मुलांच्या अभ्यासासाठी नाही हो, मोठ्यांनाही जरा टेकता यावं, चार माणसांशी बोलता यावं एवढंच. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायचाय, काय म्हणून मांडू?

कृष्णाकाठ:
ताई, माझं माहेर पलूसचं, वडगाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात, कडेगावात. नात्यातल्या एका कार्यक्रमाला गेलो होतो तेव्हा प्रत्यक्ष बघितलंय. भोंगा झाला आणि ज्या घरी उतरलो होतो तिथल्या वहिनींनी टीव्ही बंद केला, कुणाला काही न सांगता, जशी दिवेलागणीला बत्ती लावतात तसं. त्या भाकरी थापत होत्या आणि पोरगी शेजारी बसून मोठ्यानं धडा वाचत होती, मधेच अडली की वहिनी पिठाच्या हातानंच खूण करून पुढं वाच म्हणायच्या. पुरुष मंडळी बाहेर सोप्यात. मला सुरुवातीला खिशातला फोन सारखा आठवत होता, मग राहिलाच.
पण एक लक्षात घ्या, हे नुसतं बोर्ड लावून झालेलं नाही. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली, शाळा उघडली तरी मोबाईल काही सुटेना, म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये महिलांच्या ग्रामसभेत विषय निघाला. ठराव झाल्यावरही आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शिक्षक, ग्रामपंचायतीची माणसं घरोघर फिरली, समजावलं, परत गेली. तुमच्याकडे कमिटीनं व्हॉट्सॲपवर नोटीस टाकली तर कोण ऐकणार? दार वाजवावं लागेल. आणि आधी बायकांशी बोला, घर त्यांनी धरलं की धरतं.

डोंबिवली_फास्ट_लेडीज:
कल्पना मनापासून आवडली पण ७ ची वेळ आपल्या भागात कशी चालेल? ७ ला मी ठाण्यातसुद्धा नसते, दारातून आत येईपर्यंत ८ वाजतात, मग कुकर, डबे, उद्याची भाजी निवडणं. गावात शेत घरापासून जवळ, शाळा जवळ, त्यांची संध्याकाळ संध्याकाळीच येते. आपली ९ ला येते.
दुसरं म्हणजे माझ्या सासूबाई दिवसभर एकट्या असतात, त्यांची मालिका हीच त्यांची सोबत आहे, ती बंद करायला सांगायची तर त्या वेळात त्यांच्याशेजारी बसणारं माणूस आधी हवं. ज्यांच्या घरी एकटं म्हातारं माणूस आहे तिथे आधी जाऊन बसा, टीव्हीचं नंतर बघू. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

इगतपुरी_रिटर्न:
मी इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलंय. तिथे मौन असतं, फोन पहिल्या दिवशीच जमा, पहाटे ४ ला घंटा. तिथे जमतं कारण आजूबाजूचे शेकडो लोक तेच करत असतात. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ तास तास बसा म्हणतात, ते एकट्याने फार दिवस टिकत नाही, म्हणूनच सामूहिक साधना ठेवतात. कृष्णाकाठ म्हणतायत त्या भोंग्याचंही तेच, सगळे एकाच वेळी थांबले की थांबणं सोपं जातं.
सामूहिक साधना शिबिर केलेल्यांसाठीच असते, त्यामुळे सोसायटीत ती सगळ्यांसाठी ठेवता येणार नाही. पण आनापान कुणालाही करता येतं, डोळे मिटून नाकातून येणारा-जाणारा श्वास फक्त बघायचा, मुलांनाही दहा मिनिटं जमतं. क्लबहाऊस असेल तर आठवड्यातून एकदा बोलवून बघा, जे येतील ते येतील, न येणाऱ्याला टोकायचं नाही.

फोंड्याचो:
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे अजून बरीच दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती चारच्या आसपास उघडतात, बाहेरचे लोक आळशी म्हणतात, म्हणू देत. जेवून आडवं व्हायचं हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं म्हणून त्या वेळी कुणी कुणाची बेल वाजवत नाही. ते मलाही खूप मोठं वाटतं.
पण तुमच्यासाठी दुसरी गोष्ट सांगतो. जुन्या घरांना पुढच्या दाराशी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायचे कट्टे असतात, बाल्कांव म्हणतात. संध्याकाळी तिथे बसलेलं माणूस रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलतंच, ठरवून नाही, समोर आलं म्हणून. तुमच्या बिल्डिंगखाली बसायला जागा आहे का? का सगळी पार्किंगला गेली? आमच्या इथल्या एका नवीन बिल्डिंगमध्ये बाकं कंपाउंडच्या भिंतीला लावून एका रांगेत ठेवलेली, कुणी बसत नसे. लिफ्टजवळ समोरासमोर आणून ठेवली आणि आता रात्री जेवणानंतर तिथे माणसं दिसतात, बायका, म्हातारे, कुत्रं फिरवून आलेले. भोंग्याच्या आधी बाकं करा.

कल्याणची_ताई:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी. डोंबिवलीच्या ताई, वेळेचं अगदी पटलं, मी आता ९:१५ ते ९:४५ असं म्हणणार आहे आणि सुरुवातीला फक्त गुरुवारी. भोंगा वगैरे नको, रात्री लहान बाळं झोपलेली असतात. त्या काकांकडे मी आणि शेजारची वहिनी या रविवारी जाऊन बसणार, मीटिंगची वाट बघत नाही. सी विंगमध्ये तीन आज्या एकट्या असतात त्यांचीही यादी केलीय.
फोंड्याचे दादा, आमच्याकडे दोन सिमेंटची बाकं आहेत, टाकीमागे. हलवायला कमिटीची परवानगी लागेल. समोरासमोर साधारण किती अंतर ठेवलंत?

फोंड्याचो:
चार फूट असेल. मधून व्हीलचेअर जाईल एवढं ठेवा, आणि डोक्यावर ट्यूबलाइट नको, पिवळा बल्ब लावा.