हॅम्बर्गच्या गाड्यांवर एचएच का? हान्सा म्हणजे गिल्डच ना?

भटक्या_जीव: मंडळी, सहा महिने झाले हॅम्बर्गला येऊन. इथे सगळ्या नंबरप्लेटवर एचएच. ऑफिसात विचारलं तर म्हणे हान्सेश्टाट हॅम्बर्ग, हान्साचं शहर. ल्युबेकच्या गाडीवर एचएल, ब्रेमेनच्या एचबी, तेच. आपल्याला शाळेत मध्ययुगीन युरोप म्हणजे सरंजामदार, क्रुसेड आणि गिल्डवर, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघांवर, एक टीप, संपलं. मग हान्सा म्हणजे व्यापाऱ्यांचं मोठं गिल्डच का? आणि कमावत कशावर होते, आपल्याकडचे मसाले तर व्हेनिसवाल्यांच्या हातात होते ना?

खारा_वारा: मासळीवर रे! चर्चचे उपास, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि वर दर शुक्रवार, मटण बंद पण मासे चालतात. म्हणजे अख्ख्या युरोपात गिऱ्हाईक तयार. हेरिंग मिळायचं स्कोनियाच्या किनाऱ्यावर, आज ते स्वीडनमध्ये आहे तेव्हा डेन्मार्ककडे होतं, पण हा मासा तेलकट, लगेच खवट होतो, मीठ हवंच. मीठ होतं ल्युनेबर्गला, ते ल्युबेकला यायचं, १३९८ ला त्यासाठी कालवाच झाला, आणि ल्युबेकवाले मीठ घेऊन स्कोनियाला. एका हातात मीठ, दुसऱ्या हातात मासे, आणखी काय पाहिजे. शिवाय रशियातल्या नोव्हगोरोदचं मेण नि फर, फ्लँडर्सचं (आजचं बेल्जियम) कापड.

पेठेतला: वरचं बरोबर, पण "हान्सा म्हणजे गिल्ड" हे मला पटत नाही. सुरुवात परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या टोळ्यांपासून झाली हे खरं, पण पुढे तो शहरांचा गट झाला, १३५६ ला ल्युबेकला पहिली मोठी बैठक. राजा नाही, कायमची फौज नाही, हत्यार एकच, बहिष्कार. १२८४ ला नॉर्वेचं धान्य अडवलं, नॉर्वे नमला. आता शहरातली गिल्डं बहुतेक कारागिरांची, खाटीक, बेकरीवाले, विणकर. त्यांचं जग वेगळंच, शिकाऊ मग गडी मग मायस्टर (उस्ताद कारागीर), आणि मायस्टरच्या जागा मोजक्या त्यामुळे मायस्टरचा पोरगा पुढे, नाहीतर मेलेल्या मायस्टरच्या बायकोशी लग्न लावायचं. आणि गंमत इथे आहे, हे दोघं एकाच शहरात राहून एकमेकांना पाण्यात बघायचे. ल्युबेकच्या कौन्सिलमध्ये बसणार बडे व्यापारी, कारागिरांना प्रवेश नाही. १३८४ ला खाटकांनी उठावाचा कट केला, फसला. त्याआधी १३७४ ला ब्राउनश्वाइगमध्ये उठाव झाला, कौन्सिलच्या काही लोकांना मारलं, तर हान्साने काय करावं, आख्खं शहरच वाळीत टाकलं! १३८० ला परत घेतलं. गावकीने घर वाळीत टाकावं तसं.

भटक्या_जीव: बापरे, म्हणजे सरंजामदार वगैरे राहिले बाजूला, शहरातल्या शहरातच भांडण. मायस्टर तर अजून आहे इथे, आमच्या बिल्डिंगच्या हीटिंगवाल्याच्या गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

सुकट_प्रेमी: नॉर्वेतल्या बर्गेनची हान्साची वखार राहिली. तिथे सुकवलेला कॉड मासा, मीठसुद्धा नाही, नुसता थंड वाऱ्यावर, कारण कॉडला चरबी नाही. आपले बोंबील कसे वलांडीवर सुकवतात तसाच समज, फक्त लाकडासारखा कडक. वखारीतली सगळी माणसं बिनलग्नाची, आणि घरं लाकडाची म्हणून राहत्या घरात विस्तव पेटवायचा नाही, नॉर्वेच्या थंडीत! जेवण आणि शेक घ्यायला मागच्या वेगळ्या खोल्यांत जायचं. एवढं करूनही तो भाग कितीदा जळला, आज दिसतात ती घरं बरीचशी १७०२ च्या आगीनंतरची.

भटक्या_जीव: शनिवारी ल्युबेकला जातोय, मिठाची गोदामं त्या जुन्या वेशीजवळच आहेत म्हणतात ना?

खारा_वारा: हो, वेशीला लागूनच, विटांची सहा, नदीकाठी. पण ती नंतरची आहेत, सोळाव्या शतकापासूनची. आणि वेस तुझ्या खिशात असू शकते, जर्मनीच्या २००६ च्या दोन युरोच्या नाण्यावर आहे, सुटे तपास.