मदत हवी आहे: बॉईलमधलं बंद घर घ्यावं का?

मंडळी, सहा वर्षं डब्लिनमध्ये भाड्याने राहतोय. तिथे घर घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून रॉसकॉमन काउंटीतल्या बॉईलमध्ये एक जुनं दगडी घर बघून आलो. डब्लिन-स्लायगो गाडी तिथे थांबते, ही जमेची बाजू. सव्वा लाख युरो सांगताहेत. पण घर तीन वर्षं बंद, आणि भिंतींना अशी ओल की कोकणातला श्रावण आठवला!

अशा घराच्या दुरुस्तीला सरकार 50,000 युरोपर्यंत अनुदान देतं, पण पैसे मिळतात काम झाल्यावर. तोवर गवंड्याला काय देऊ? 10 टक्के डिपॉझिट भरण्यातच आमची शिल्लक संपतेय. कुणी हे अनुदान घेतलंय का? मधला खर्च कसा भागवलात? आणि घर घेण्याआधी त्याची तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरला ओलीबद्दल नेमकं काय विचारू?