मदत हवी आहे: मंडळाची साइट पेजबिल्डरवरच ठेवावी की कोड लिहून नव्याने करून घ्यावी?

रावपुरेकर
नमस्कार. बडोद्यातील आमच्या मराठी मंडळाचे संकेतस्थळ ज्या तरुणाने करून दिले, तो आता परदेशात असतो आणि सवडीने उत्तर देतो. मराठी मथळ्यांतील अक्षरे सुटी सुटी दिसतात, आणि मोबाइलवर पान उघडायला इतका वेळ लागतो की सभासद कंटाळून फोनच करतात. गणेशोत्सवाच्या स्पर्धांची नोंदणी सुरू करायची असल्यामुळे घाई आहे. कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एका गटाच्या मते पाने ओढून रचण्याचे साधन, म्हणजे पेजबिल्डर, टाकून द्यावे आणि संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलाकडून सगळे कोडमध्ये लिहून घ्यावे. दुसऱ्या गटाला आहे तेच पुरेसे वाटते. योग्य काय, एवढेच सांगावे.

शंकासुर
साधन कोणते आहे? पाने किती आहेत? मजकूर कोण बदलतो? अक्षरे संगणकावरही सुटतात की फक्त मोबाइलवर? हे कळल्याशिवाय योग्य काय ते सांगता येणार नाही.

साधा_कोड
माझ्या मते कोडच लिहून घ्यावा. पूर्वी पानाचे दोन रकाने करायला तक्त्यांची कसरत करावी लागत असे, पण 2017 पासून सीएसएस ग्रिड ही रकाने मांडण्याची कोडमधील सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत चालते आणि तेच काम चार ओळींत होते. पेजबिल्डर एका मथळ्याभोवती पाच-पाच चौकटी गुंडाळतो, त्या सगळ्या मोबाइलला उलगडाव्या लागतात.

जुना_वेबकार
हा वाद नवा नाही. 1997 साली ड्रीमविव्हर हे पाने रचण्याचे सॉफ्टवेअर आले, तेव्हाही हाताने लिहिणारे त्याच्या कोडला नाके मुरडत होते. तरीही बरेच जण त्याच्या कोडच्या खिडकीत डोकावूनच टॅग, म्हणजे कोडमधील खुणा, शिकले. रावपुरेकर, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे.

रावपुरेकर
डोमेनबद्दल मी विचारलेले नाही. साइट वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या प्रणालीवर आहे, त्यावर चौकटी ओढता येणारे एक प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे. पाने डझनभर असतील. मजकूर मी आणि आमच्या कोषाध्यक्ष काकू बदलतो. अक्षरे दोन्हीकडे सुटतात, परंतु फक्त मराठी. इंग्रजी आणि गुजराती मथळे व्यवस्थित आहेत, म्हणून मराठी फॉन्टच खराब असावा असे वाटते.

शंकासुर
गुजराती व्यवस्थित आहे, यातच उत्तर आहे. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही, त्यामुळे दोन अक्षरांमध्ये थोडे अंतर पडले तरी डोळ्यांना खुपत नाही. देवनागरीत तेवढ्याच अंतराने रेघ तुटते. इंग्रजी मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून थीममध्ये (साइटच्या तयार रूपात) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, एक-दोन पिक्सेल दिलेले असणार. मथळा निवडून टायपोग्राफीच्या रकान्यात ते शून्य करावे, आणि शक्य असल्यास संपूर्ण साइटच्या मांडणीतच करावे. ओळीची उंचीही वाढवावी, कारण रोमन अक्षरांच्या मापाने ती ठेवली की वेलांट्या व रफार वरच्या ओळीला भिडतात. फॉन्ट बदलायचाच असेल तर देवनागरीसाठी मुक्त आणि गुजरातीसाठी त्याचेच भावंड मुक्त वाणी घ्यावे. दोन्ही भाषांची पाने एकाच घरची वाटतील.

साधा_कोड
कोडमध्ये हे एका ओळीत झाले असते. शिवाय पानाची भाषा मराठी असल्याचे लँग गुणधर्मात लिहिले की ज्या फॉन्टांत सोय आहे, त्यांत ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात.

शंकासुर
एका ओळीत दुरुस्त झाले असते तसेच एका ओळीत बिघडलेही असते. देवनागरीचा विचार न करता लिहिलेल्या कोडमध्ये नेमके हेच होते. लँगचे म्हणणे मात्र मान्य आहे. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की बहुतेक थीम तो गुणधर्म आपोआप लावतात. मराठी आणि गुजराती पाने एकाच साइटवर असल्यामुळे तो प्रत्येक पानाला वेगळा लागला पाहिजे, तेवढे तपासावे.

दांडियाबाजार
साधा_कोड यांना एकच विचारते. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाची तारीख बदलली, तर कोषाध्यक्ष काकूंनी टॅग उघडून बंद करायचा का? की अभियांत्रिकीच्या मुलाची परीक्षा संपण्याची वाट पाहायची? शिवाय नोंदणीचा अर्ज नुसत्या एचटीएमएलच्या, म्हणजे टॅगांनी लिहिलेल्या, पानावर दिसेल, पण भरलेली माहिती साठवायला सर्व्हरवर काहीतरी लिहावेच लागेल. ते कोण लिहिणार आणि कोण सांभाळणार?

साधा_कोड
मग निदान हे प्लगइन तरी काढावे. वर्डप्रेसचा स्वतःचा ब्लॉक एडिटर 5.0 आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर 2018 पासून, सोबतच येतो. तो मजकूर जवळजवळ साध्या एचटीएमएलमध्ये साठवतो, त्यामुळे उद्या थीम बदलली तरी परिच्छेद हाती राहतात. पेजबिल्डरचे प्लगइन बंद केले की मांडणी विस्कटते, आणि काहींच्या बाबतीत मजकुरात चौकटी कंसांचा कचरा उरतो.

दांडियाबाजार
हे पटले, पण ऐन नोंदणीच्या तोंडावर करू नये. उत्सव झाल्यावर एकेक पान हलवावे.

शंकासुर
वेगाचे राहिलेच. मुखपृष्ठावर उत्सवाचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच टाकले आहेत का?

रावपुरेकर
होय, मिरवणुकीचे सगळे. लेटर-स्पेसिंग 2 होते. शून्य केल्यावर शिरोरेषा जुळली.

शंकासुर
मोबाइलच्या पडद्याला हजार-बाराशे पिक्सेल रुंदी पुष्कळ होते. फोटो तेवढे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात चढवावेत आणि मुखपृष्ठावर पाच-सहाच ठेवावेत. फॉन्टच्याही दोनच जाड्या पुरतात.

रावपुरेकर
काकू फोटो लहान करीत आहेत. अर्ज आहे त्याच प्लगइनवर ठेवतो, बाकी बैठकीत मांडतो. डोमेन कोणाच्या नावावर आहे हे मात्र येथे कोणालाच ठाऊक नाही. ते कसे पाहावे?

जुना_वेबकार
नूतनीकरणाची पावती कोणाच्या ईमेलवर येते ते शोधावे. त्या तरुणाच्या ईमेलवर येत असेल, तर खाते मंडळाच्या नावे करून घेण्यासाठी त्याला आजच लिहावे.