रामटेककडच्या जुन्या कालव्यावरचा कमानी पूल: पोटाला गनायटिंग करावं का?

प्रश्न: ब्रिटिशकालीन दगडी पूल, एकच कमान, गाळा (कमानीच्या दोन टेकूंमधलं अंतर) ६ मीटर. कमानीची जाडी ४५ सेंमी, माथ्यावर भराव आणि डांबर मिळून तेवढंच. पोटाला, म्हणजे कमानीच्या खालच्या बाजूला, पांढरे ओघळ आहेत, एका बाजूची भिंत कठड्यासकट ४ सेंमी बाहेर झुकलीय. रेतीचे टिप्पर रोज जातात. ठेकेदार म्हणतो, गनायटिंग करू, म्हणजे खालून सिमेंट फवारून टाकू.

उत्तर १: आधी आकडा काढा. एमईएक्सई या कमानी पुलाची ताकद काढायच्या पद्धतीत कमान अधिक भराव ०.९ मीटर, त्याचा वर्ग ०.८१, गुणिले ७४०, भागिले गाळ्याचा १.३ वा घात (१०.३). एका आसाला साधारण ५८ टन. खूश होऊ नका, हा कोरा आकडा आहे. कमानीची उंची, दगड-चुना, दर्जा (दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे) आणि भेगा यांचे गुणांक लावले की सहज निम्म्यावर येतो. आणखी एक फसगत: डांबराचे थर चढले की सूत्रात ताकद वाढते, पण तोच भराव भिंत बाहेर लोटतो.

उत्तर २: गनायटिंग नको. ओघळ म्हणजे वरून झिरपणारं पाणी चुना विरघळवून आणतंय. पोट बंद केलं तर पाणी आतच तुंबेल आणि सिमेंटचा थर पोपडा धरून खाली येईल. डांबर खरडून वरून पाणी अडवा, उतार द्या, पन्हाळी मोकळ्या करा. दर्जा त्यानंतर. भेग कुठे आहे?

प्रश्नकर्ता: रस्त्याच्या दिशेने, कडेपासून अर्धा मीटर आत.

उत्तर २: मग कडेची भिंत आपल्यासोबत कमानीचा काठ ओढतेय. आरपार टाय रॉड (दोन्ही भिंती बांधून ठेवणाऱ्या लोखंडी सळ्या), दोन्हीकडे प्लेटा. तोवर कठड्यालगत ड्रम ठेवून टिप्पर मधून काढा. भेगेवर काचेची पट्टी चिकटवा. तडकली तर हालचाल चालू आहे. भेग गाळ्याला आडवी असती तर वाहतूक थांबवूनच पुढचं बोललो असतो.

उत्तर ३: दर्जा रुंदीच्या किमान दुप्पट खोल खरवडा, एक भाग चुन्याला तीन भाग रेती-सुर्खी (विटेची पूड). अडचण हंगामाची. आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) संपून कालवा कोरडा मिळतो तो उन्हाळ्यात, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांत चुना धरायच्या आत वाळून भुकटी होतो. काम सकाळी ९ पर्यंतच, दगड आधी भिजवून, वर ओली पोती निदान आठवडाभर. पाटबंधारेची परवानगी आधीच मागा. पात्रात टेकूचा खांब सुचवलात तर ते अडवतील, आणि बरोबरच करतील.