अनुभव धागा : .२२ सेमी-ऑटोमॅटिक रायफलची साफसफाई आणि निगा

अमेरिकेतल्या काही मराठी घरांत रुगर कंपनीची १०/२२ ही .२२ बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल (दर ट्रिगरला एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप चढतं) आहे. १९६४ पासून बनणारी ही रायफल चालवायला सोपी, पण काजळी धरण्यात पुढे. शिशाच्या गोळीवर बाहेरून लावलेलं मेण, रिमची (काडतुसाच्या मागच्या कडेतली) दारू आणि ब्लोबॅक यंत्रणा (दाबानेच बोल्ट मागे ढकलला जातो ती) यांमुळे गोळी सुटताच धुराचा काही भाग मागे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) आणि बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागावर) येतो. म्हणून इथे नळीपेक्षा मागचा भाग जास्त घाण होतो. आपापली पद्धत लिहा. मोघम नको, कुठला भाग, किती तेल, काय बिघडतं आणि का, तेवढंच. इतर रायफली आणि पिस्तुलांचे अनुभवही चालतील.

टेक्सास

खोलण्याचा क्रम लिहितो, कारण चुका तिथेच होतात. आधी मॅगझिन (काडतुसांचा डबा) काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीनेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. साफसफाईच्या टेबलावर एकही नको.

बोल्ट पुढे जाऊ द्या. नळीवर पट्टा असेल तर त्याचा स्क्रू सैल करून तो पुढे सरकवा. सेफ्टीचं बटण बरोब्बर मध्यावर आणा, नाहीतर ते लाकडात अडतं आणि लोक जोर लावून दस्त्याची कड उडवतात. सेफ्टी सरकत नसेल तर हॅमर (फायरिंग पिनवर आपटणारा हातोडा) चढलेला नाही. बोल्ट एकदा मागे-पुढे करा. मग दस्त्याखालचा एकच स्क्रू काढायचा आणि नळीकडची बाजू आधी उचलायची. ट्रिगरचा डबा दोन आडव्या पिनांवर असतो. त्या सैल असतात, कलंडल्या की आपोआप पडतात, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरा. डबा बाहेर असताना ट्रिगर ओढू नका. हॅमरला अडवायला बोल्ट नसतो, तो थेट डब्यावर आपटतो.

रिसिव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या धडाच्या) मागच्या टोकाला बोल्ट थांबवणारी जाड पिन आहे. ती काढली, हँडल पूर्ण मागे ओढलं की बोल्ट उचलून बाहेर येतो. जोडताना उलटा क्रम. मात्र ट्रिगरचा डबा बसवण्याआधी हॅमर चढवलेला हवा, नाहीतर डबा बसतच नाही.

ओहायो

नळी कमी घासा, एवढंच कळकळीने सांगणं आहे. १०/२२च्या बहुतेक मॉडेलांत रिसिव्हर मागून बंद असल्याने साफसफाईचा गज नळीच्या तोंडाकडून घालावा लागतो. गज तोंडाच्या कडेला घासला की तिथली धार एका बाजूने झिजते आणि गोळी निघता निघता कलते. मग दुर्बीण बदला, काडतुसं बदला, काही उपयोग नाही. चेंबरकडून तोंडाकडे ओढायची चिंधीची दोरी वापरा. पहिली चिंधी सॉल्व्हंटची, मग कोरड्या तीन-चार. गजच वापरायचा असेल तर तोंडावर पितळी गाईड बसवा. साध्या शिशाच्या गोळीला अमोनियावालं तांब्याचं सॉल्व्हंट लागत नाही.

साफ केल्यावर पहिल्या पाच-दहा गोळ्या इकडेतिकडे जातील. नळीला मेणाचा थर पुन्हा बसेपर्यंत दुर्बिणीच्या घुंड्यांना हात लावू नका. काडतुसाचा ब्रँड बदलला तर थोड्या जास्तच गोळ्या लागतात.

न्यू जर्सी

नळीबद्दल वरचं पटलं, पण चेंबर सोडू नये. पुंगळीचं (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं) तोंड जिथे संपतं, त्याच्या लगेच पुढे काजळी आणि शिशाचं कडं जमतं. नेहमीच्या दोरीने ते निघत नाही. .२२चा कांस्य ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चेंबरमध्ये हाताने आठ-दहा वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा आणि कोरडं पुसा. हे कडं वाढलं की काडतूस शेवटचा केसभर आत जात नाही. ब्लोबॅकमध्ये बोल्टला कुलूप नसतं. काडतूस पूर्ण बसण्याआधीच उडालं तर पुंगळीची मागची कड फाटते आणि गरम वायू मॅगझिनच्या बाजूने बाहेर येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

पुंगळी अर्धवट अडकत असेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली टाचणी फिरवून बघा. तिथे काळ्या लगद्याची गोळी सापडते. ती काढूनही अडकत असेल, तर नख बोथट झालं आहे. ते बदला, कानशीने घासून धार लावत बसू नका.

मिनेसोटा

इथल्या थंडीत बहुतेक तक्रारी तेलाच्या असतात. फायरिंग पिनच्या (रिमवर ठोकून काडतूस उडवणाऱ्या पिनच्या) खाचेत तेल शिरलं की काजळीबरोबर घट्ट होतं, पिन हळू पडते, रिमवर फिका ठसा उमटतो आणि बार होत नाही. खाच सॉल्व्हंटने धुऊन कोरडीच ठेवा. तेल फक्त दोन ठिकाणी : बोल्टच्या पाठीवर जिथे घासून चकाकी आली आहे तिथे एक थेंब, हँडलच्या स्प्रिंगच्या सळईवर एक. मग पुसा. बोटाला ओलं लागलं तर जास्त झालं.

बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट ओढा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी झाडू नका. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा.

कॅलिफोर्निया

मॅगझिनबद्दल कुणी लिहिलं नाही. दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन सहसा खोलावं लागत नाही. ओठांवरची (काडतूस जिथून वर येतं त्या कडांवरची) काजळी चिंधीने पुसा, आत तेल अजिबात नको, त्याला धूळ चिकटते. काडतुसं वर आणणारं आतलं चाक अडखळत असेल तरच खोला. समोरचा स्क्रू सैल करण्याआधी षटकोनी नटाची जागा पेनाने खुणा करून ठेवा आणि नट हाताने धरा. सुटला की स्प्रिंगचा सगळा ताण एका क्षणात जातो. परत तेवढाच ताण द्यावा लागतो : कमी पडला तर शेवटच्या गोळ्या वर येत नाहीत, जास्त झाला तर चाक जड फिरतं.

कोल्हापूर

आमच्याकडे हा प्रश्न रायफलला नाही, पिस्तुलाला आहे. स्वप्निल कुसळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकलं ती स्पर्धा बोल्ट-ॲक्शन रायफलची. तिथे बोल्ट हाताने बंद होतो, वायू मागे फारसा येत नाही. राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल प्रकार मात्र .२२ सेमी-ऑटोमॅटिकचा, म्हणून वरचं चेंबर, नख आणि पिनचं सगळं तसंच्या तसं लागू. एक भर घालतो : पावसाळ्यात फोमच्या पेटीत हत्यार ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि जिथे टेकतो तिथेच गंज फुटतो. तेलाचा हलका हात, सुती कापड, कपाटात सिलिका जेल, आणि जेल रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरायची.

टेक्सास

एक राहिलं. काजळीत शिसं असतं, रिमच्या दारूतही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, स्वयंपाकघराचं टेबल वापरू नका. नंतर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा. चिंध्या झाकणाच्या डब्यात टाका, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा.